कडीचा क्लोजअप

विद्यार्थ्यांच्या शॉर्टफिल्म्स मी एडिट करते. थ्रिलर असेल तर फुटेज बघण्याआधी शॉट डिव्हिजन मागते. बऱ्याचदा ते कागदावर नसतंच, दिग्दर्शकाच्या डोक्यात असतं.

अशीच एक फिल्म आली होती. मुलगी रात्री घरी येते, किल्ली काढते आणि बघते तर दाराची कडी आधीच उघडी. सगळी भीती त्या कडीत. जिन्यावरचे शॉट मुलांनी फार मेहनतीने घेतले होते; कडी मात्र एका वाइड शॉटच्या कोपऱ्यात, अंधारात. मुलगी दचकते, पण कशाला ते कळत नाही. मुलं क्लोजअप घ्यायला परत गेली, तर घरमालकांनी दिवाळीसाठी दार रंगवून घेतलेलं. हिरव्याचं चॉकलेटी. सीन काढावा लागला आणि पुढच्या पाठलागातला जीवच गेला.

म्हणून लेन्स आणि अँगल नंतर. आधी प्रत्येक सीनसमोर लिहा, की या क्षणी कोणाला काय माहीत आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच कळलं, तर साध्या गप्पाही श्वास रोखून ऐकल्या जातात, असं हिचकॉकने त्रुफोला सांगितलं होतं. आपल्या सीनमध्ये प्रेक्षकाला आधी कळायला हवं असेल तर उघडी कडी पहिली दाखवा, मग मुलीला निवांत जिना चढू द्या. दोघांना एकदमच कळायचं असेल तर तिचा चेहरा, तिच्या नजरेच्या उंचीवरून कडी, पुन्हा चेहरा. लपवायचंच असेल तर कॅमेरा तिच्या पाठीशी ठेवा. सीन एकच, पण शॉट तिन्ही वेळा वेगळे. हिचकॉकच्याच ‘नोटोरियस’मध्ये (१९४६) कॅमेरा भरल्या पार्टीवरून खाली उतरत इन्ग्रिड बर्गमनच्या मुठीतल्या किल्लीवर येऊन थांबतो. एवढ्या गर्दीत महत्त्वाची आहे ती ही किल्ली, हे त्या एका हालचालीत कळतं. क्रेन नसली तरी हा विचार तुम्हाला करता येतोच.

मग लोकेशनवर जा, शूटिंगच्याच वेळी. मित्रांना उभं करून मोबाइलवर फोटो काढा आणि क्रमाने लावून गोष्ट माहीत नसलेल्या कुणाला तरी दाखवा. भीती नेमकी कुठे आहे हे त्याला सांगता आलं नाही, तर तिथे शॉट कमी आहे. पाठलागाची दिशाही इथेच ठरवा. मुलगी डावीकडून उजवीकडे पळत असेल तर मागचा माणूसही तसाच पळायला हवा. लाइन क्रॉस झाली, म्हणजे कॅमेरा त्यांच्या पळण्याच्या रेषेपलीकडे गेला, की दोघं समोरासमोर येताहेत असं वाटतं. घरात ट्यूबलाइट असेल तर २५ फ्रेम्स आणि १/५० शटर ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर भलतंच ठेवलं तर फ्लिकर येतो आणि तो एडिटमध्ये सहसा नीट निघत नाही.

नकली सुरा घेऊन रात्री पळापळ करणार असाल तर सोसायटीला आणि जवळच्या पोलीस चौकीला आधी कळवा.

आणि कडी, किल्ली, मोबाइलचा स्क्रीन असले इन्सर्ट ‘शेवटी घेऊ’ म्हणून ठेवू नका. त्या सीनचं लाइटिंग लागलेलं असतानाच घ्या, आणि घेतल्यावर शॉट्सच्या यादीत खूण करूनच पुढचा सेटअप लावा.