नोकरी सांभाळून पदवी

प्रश्न : बारावीनंतर लग्न झाले, शिक्षण सुटले. आता मी श्रीरामपुरातल्या एका पतसंस्थेत लिपिक आहे. वय ३६. नोकरी न सोडता बी.कॉम. करता येईल का? त्या पदवीला किंमत असेल का?

उत्तर : ताई, नक्की येईल, आणि वयाची अडचण अजिबात नाही. तुमच्यासारख्यांसाठीच १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ते राज्य सरकारचे विद्यापीठ आहे; अभ्यासकेंद्रे गावोगावच्या महाविद्यालयांत चालतात.

किमतीचे म्हणाल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की, मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष असते. मात्र वैद्यक, नर्सिंग, अभियांत्रिकी, कायदा यांच्या पदव्या घरबसल्या मिळत नाहीत. कुणी तसे सांगत असेल, तर त्याच्या दुकानाची पायरीही चढू नका.

प्रवेश घेण्यापूर्वी केंद्राचे नाव विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तपासा, शुल्क तिथेच भरा. मध्यस्थाच्या हाती रोख देऊ नका. केंद्र निवडताना तिथे रविवारी खरोखर तास होतात का, हे जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. माझ्या मते मुक्त शिक्षणातली खरी गळती पुस्तकांच्या अवघडपणामुळे होत नाही, एकटे पडल्यामुळे होते. शेजारच्या टेबलावरची सहकारी सोबत आली तर फारच उत्तम.

जीएसटी, लेखापरीक्षण असे विषय पक्के करायचे असतील, तर केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन व्यासपीठावरचे अभ्यासक्रम मोफत शिकता येतात; प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षा शुल्क पडते. पण ते दुसऱ्या वर्षापासून. पहिले वर्ष फक्त बी.कॉम.ला द्या.