जुन्या स्प्लेंडरचं ऑइल आणि इंजिनाची सफाई

इथे डोळ्यांसमोर आहे ती कार्बोरेटरवाली जुनी स्प्लेंडर, ९७.२ सीसीची. इतर चारस्ट्रोक गाड्यांनाही कृती बहुतेक हीच, ऑइलचा आकडा मात्र बदलतो. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला २०डब्ल्यू-५० लागतं, स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०.

बाटलीवर आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे ‘जासो एमए’ ही अक्षरं. या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या किंवा स्कूटरच्या (एमबी) ऑइलनं तो घसरू शकतो, मग चढावर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही. गाडी निळसर धूर सोडत असेल तर काहीजण जाड ऑइल घालायला सांगतात. त्यानं धूर थोडा दबतो, पण झिजलेल्या रिंगा काही भरून येत नाहीत. सिंथेटिकचे पैसे अशा इंजिनावर घालवू नयेत, साधं मिनरल ऑइल वेळेवर बदललेलं बरं.

९०० मिलीची बाटली, ड्रेन बोल्टचा नवा वायसर, १७ नंबरचा रिंगपाना, पसरट भांडं, जुना ब्रश, थोडं डिझेल आणि चिंध्या जमवा.

आधी बाहेरची सफाई, तीही इंजिन थंड असताना. नाहीतर बोल्ट आणि झाकणाभोवतीची माती ऑइल बदलताना आत पडते. एअर फिल्टरचं तोंड, कार्बोरेटर आणि सायलेन्सरचं टोक प्लॅस्टिकच्या पिशवीनं बांधा. सुकी माती खरवडून काढा, मग डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशनं घासा. सिलिंडरच्या पट्ट्यांमध्ये वेळ घालवा. हे इंजिन हवेवर थंड होतं आणि पट्ट्या चिखलानं बुजल्या की ते तापतं. साबणाच्या पाण्यानं धुवा, पण प्रेशरची पिचकारी नको. पाणी प्लगच्या टोपीत आणि वायरींच्या जोडात घुसतं. पुसून घ्या, पिशव्या काढा आणि पाच-सात मिनिटं गाडी चालू ठेवा. इंजिन वाळतं, आतलं ऑइलही पातळ होतं.

आता गाडी बंद करून डबल स्टँडवर घ्या. उजव्या बाजूची डिपस्टिक काढा, खाली भांडं ठेवून ड्रेन बोल्ट सोडा. ऑइल तापलेलं असतं, हात जपा. शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबा. निघालेलं ऑइल काळं असणं साहजिक आहे. दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, चमचमते कण दिसले तर धातू झिजतोय. दोन्हीत मेकॅनिक गाठायचा.

याच टप्प्यावर गॅरेजवाला रॉकेल ओतून ‘आतून धुऊन’ देतो म्हणतो. नाही म्हणा. रॉकेलला वंगणाचा गुण जवळपास नाही, आणि कोपऱ्यात उरलेलं रॉकेल नव्या ऑइलला पातळ करतं. फार काळं निघालं असेल तर योग्य ग्रेडचं स्वस्त ऑइल भरून तीन-चारशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा बदला. खरा गाळ बसतो तो उजव्या कव्हरमागच्या गाळणीत आणि फिरत्या रोटरमध्ये, कारण या इंजिनाला कागदी ऑइल फिल्टर नाही. बरीच वर्षं कव्हर उघडलेलं नसेल तर एकदा उघडून दोन्ही साफ करून घ्या, गॅस्केट मात्र नवंच.

नवा वायसर घालून बोल्ट आधी हातानं फिरवा, मग पान्यानं बेतानं आवळा. केस ॲल्युमिनियमची आहे, जोर लावला की आटे जातात. डिपस्टिकच्या भोकातून नवं ऑइल ओता, पण बाटली सगळी ओतू नका, थोडं ऑइल मागे ठेवा. डिपस्टिक परत लावा. चावी बंद ठेवून चार-पाच किका मारा, मग इंजिन दोन मिनिटं चालवून तितकीच मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसून नुसती टेकवा, आटे फिरवू नका. ऑइल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवं. कमी वाटलं तर उरलेल्यातलं थोडं घाला. दुसऱ्या दिवशी बोल्टखाली ठिपका पडलाय का पाहा.

जुनं ऑइल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतायचं नाही. बाटलीत भरून, वापरलेलं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या.