दुष्यंताचे विस्मरण

प्रश्न : ‘संगीत शाकुंतल’मधील दुष्यंत शापामुळे एकट्या शकुंतलेस विसरतो व अंगठी पाहताच त्याला सारे आठवते. असे विस्मरण लादता येते काय?
– एक वाचक, साकोली (जि. भंडारा)

उत्तर : राज्याचे सारे दप्तर मुखोद्गत असलेल्या राजाच्या चित्तातून एकच व्यक्ती पुसली जावी, हे कोणत्याही औषधाने वा प्रहाराने साधत नाही, कारण मस्तकावरील आघात माणूस निवडीत नाही, काळाचा तुकडा नेतो, आणि तोही बहुधा अपघाताच्या अलीकडचा. शस्त्रक्रियेपूर्वी टोचतात ते मिडाझोलाम नव्या घटनांची नोंद होऊ देत नाही. जुन्या नोंदी मात्र शाबूत राहतात. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसचा दोन्ही बाजूंचा बराच भाग काढल्यावर नवे काही त्यांच्या स्मरणात टिकेना, तरी बालपण आठवत असे. दुष्यंताच्या अवस्थेस निकटचा विकार म्हणजे तीव्र मानसिक आघाताने उद्भवणारा स्मृतिलोप, ज्यात नेमका क्लेशकारक भागच लुप्त होतो आणि एखाद्या परिचित वस्तूने, गंधाने वा आवाजाने कधीकधी परततो. म्हणूनच कालिदासाची मुद्रिका मला शापाहून अधिक शास्त्रसंमत वाटते. आपल्याकडे कोणास अकस्मात असे विस्मरण झाल्यास मांत्रिकाकडे न नेता, व उलटतपासणीही न करता, तत्काळ जिल्हा रुग्णालयात न्यावे. डोक्याची इजा, फेफरे व मद्यपान यांची चौकशी तेथे प्रथम व्हावी.