एकाच पानाची आमरी

आमरी म्हणजे ऑर्किड. झाडाच्या फांदीवरची तुम्ही पाहिली असेल, पण सह्याद्रीत जमिनीतून उगवणारीही आहे: हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. (रोप जेमतेम वीतभर, नाव बघा केवढं!) पहिल्या पावसानंतर कंदातून एकच गोलसर पान येतं, जमिनीला चिकटून. मधल्या दांड्यावर पांढरी फुलं.

बेलपाड्याहून खारघरच्या डोंगराकडे जाल तेव्हा असं पान दिसलं, तर उपटू नका. का? तिचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात अंकुरासाठी अन्नाचा साठाच नसतो. मातीतली बुरशी ते पुरवते, तेव्हाच रोप होतं. म्हणून खणून नेलेल्या कंदाची जागा नवं रोप लगेच भरून काढत नाही.

रोपवाटिकेत वाढवलेला कंद मिळाला तर जरूर लावा. मुरूम, जाड वाळू आणि कुजलेला पालापाचोळा घ्या. पाणी झटकन निथळलं पाहिजे. पावसाळ्यानंतर पान सुकतं, कंद झोपतो. इथेच गडबड होते: आपण मायेने रोज पाणी घालतो आणि कंद कुजतो! पान पिवळं पडलं की पाणी बंद, थेट पुढच्या जूनपर्यंत. कुंडी रिकामी दिसेल, आईला सांगून ठेवा, नाहीतर त्यात कोथिंबीर पेरली जाईल.