मुळाशी चाललेला व्यवहार

भात कापून झालं की आमच्या पोलादपूरकडे शेतातल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत घरी गेलो, तेव्हा इंजिनिअरिंगचं शहाणपण दाखवायची हुक्की आली. बुरशीनाशक आणि रायझोबियमचं पाकीट एकाच बादलीत कालवून बियाण्याला चोळलं. आजी म्हणाली, "माझ्या वाफ्याला तुझं औषध नको रे बाबा!" तिचं बी तसंच पेरलं.

सव्वा महिन्याने दोन्हीकडची रोपं खणून पाहिली. आजीच्या रोपांच्या मुळांवर गाठी भरपूर, फोडल्या तर आतून गुलाबी, म्हणजे काम करणाऱ्या. माझ्याकडे मोजून चार-पाच! एका वाफ्यावरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरं, पण मी पुस्तकं उघडली.

मुळांभोवतीच्या मातीच्या पातळ थराला जर्मन शास्त्रज्ञ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये 'रायझोस्फिअर' हे नाव दिलं. मूळ इथे साखर पुरवतं आणि त्या बदल्यात माल घेतं. गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन देतात. त्या कामाला ऊर्जा फार लागते, म्हणून स्फुरद हवं. आपल्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत स्फुरद असतं, पण लोह आणि ॲल्युमिनियमने जखडलेलं.

इथे मायकोरायझा बुरशी कामाला येते. तिचे तंतू मुळांपेक्षा कितीतरी बारीक. मूळ पोचत नाही तिथून ते स्फुरद आणतात. पण सेंद्रिय पदार्थात अडकलेलं स्फुरद तिला एकटीला नीट सोडवता येत नाही. मग ती तंतूंवरच्या जिवाणूंना साखर देते आणि ते स्फुरद मोकळं करतात. तंतूंवरच्या ओलाव्यातून काही जिवाणू पुढेही सरकतात. म्हणजे आमच्या हॉस्टेलसारखंच, मेस एकाची, नोट्स दुसऱ्याच्या!

म्हणून मित्रांनो, प्रत्येक बुरशी शत्रू नसते. ट्रायकोडर्मा तर मूळ कुजवणाऱ्या बुरशांवरच तुटून पडते. बुरशीनाशक गरज असेल तरच वापरावं. वापरलंच तर ते आधी लावून बी सुकू द्यावं, आणि जिवाणू खत सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर, सावलीत चोळावं. एका बादलीत कधीच नाही.

गेल्या वर्षी मी नुसतं रायझोबियम लावलं. आजीने एक रोप उपटलं, गाठी पाहिल्या आणि म्हणाली, "आता शिकलास!"