राष्ट्रगीत, देशप्रेम आणि न्याय

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. सामन्यापूर्वी राष्ट्रगीत झाले. अशा प्रसंगी आपली मुले विचारतात, ‘उभे राहणे म्हणजे इबादत का? आणि अन्यायाविरुद्ध बोलणारा देशद्रोही ठरतो का?’

१९९६ मध्ये अमेरिकेतील मुस्लिम बास्केटबॉलपटू महमूद अब्दुल रऊफ यांनी ध्वज जुलमाचेही प्रतीक असल्याचे सांगून राष्ट्रगीताला उभे राहण्यास नकार दिला. त्यांना निलंबित करण्यात आले. पुढे ते उभे राहू लागले. मात्र मान खाली घालून पीडितांसाठी दुआ करीत. आपल्याकडे १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील तीन ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या प्रकरणात निर्णय दिला की, आदराने उभे राहून राष्ट्रगीत न गाणे हा अवमान नव्हे.

इबादत केवळ अल्लाहची. आदराने उभे राहणे ही इबादत नव्हे. मक्का सोडताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या भूमीवरील प्रेम व्यक्त केले, तरीही तेथील जुलमाला त्यांनी कधी योग्य म्हटले नाही. जुलूम करणाऱ्या भावाला जुलमापासून रोखणे हीच त्याची मदत, अशी त्यांची शिकवण आहे. सूरह अन-निसाच्या १३५ व्या आयतीत तर स्वतःच्या व आप्तांच्या विरोधातही न्यायाची साक्ष देण्याची आज्ञा आहे.

म्हणून मुलांना सांगावे : राष्ट्रगीताला आदराने उभे राहा, शेजाऱ्याचे हक्क पाळा आणि अन्याय दिसल्यास सभ्यतेने बोला. देशाचे खरे हितचिंतन यातच आहे.