ऐरोलीच्या खाजणात एक दिवस

आमच्या वसतिगृहातील बहुतेक विद्यार्थी मराठवाड्यातील कोरडवाहू गावांतून आलेले आहेत. अनेकांनी समुद्र पाहिलेलाच नव्हता. त्यामुळे आठवीच्या अभ्याससहलीसाठी आम्ही ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र निवडले, तेव्हा मुलांच्या डोळ्यांपुढे लाटा होत्या. आम्ही पोहोचलो ती वेळ ओहोटीची होती आणि समोर पसरला होता तो नुसता चिखल. “सर, ही तर पडीक जमीन आहे,” एक विद्यार्थी म्हणाला. त्याला लगेच देता येईल असे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

ठाणे खाडीच्या या भागास शासनाने २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केले. त्याचे क्षेत्र सुमारे १७ चौरस किलोमीटर आहे. २०२२ मध्ये ते रामसर स्थळांच्या यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत, समाविष्ट झाले. केंद्राच्या दालनातील माहितीफलक मुलांनी वह्यांत उतरवून घेतले. देवमाशाच्या सांगाड्यापुढे ती सर्वाधिक रेंगाळली, हे सांगावयास नकोच.

खरा पाठ मात्र खारफुटीतून जाणाऱ्या लाकडी पायवाटेवर झाला. तिवराच्या झाडांभोवती चिखलातून पेन्सिलीएवढ्या असंख्य मुळ्या वर आलेल्या होत्या. मुळे खाली जावीत, ती वर का आली? खाडीच्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून या मुळ्या ओहोटीच्या वेळी उघड्या हवेत श्वास घेतात; त्यांच्या सालीवर त्यासाठी सूक्ष्म छिद्रे असतात. तिवर शोषलेल्या पाण्यातील जादा मीठ पानांतून बाहेर टाकते. एका मुलीने पानाला बोट लावून ते जिभेवर टेकवले आणि तिचा चेहरा पाहून उरलेल्यांनी प्रयोगाची पुनरावृत्ती केली. आमच्या प्रयोगशाळेत इतका उत्साह क्वचितच दिसतो. पायाखाली निवट्या उड्या मारीत होत्या. मासा असूनही ओल्या चिखलावर वावरणारा हा जीव मुलांना फारच भावला. मुळ्यांमध्ये प्लास्टिकच्या पिशव्याही अडकल्या होत्या. पिशवीने झाकलेली मुळी श्वास कसा घेईल, हा प्रश्न मुलांनीच विचारला.

पाणी चढू लागल्यावर होडी निघाली. अद्याप न बुडालेल्या गाळाच्या पट्ट्यावर रोहित पक्षी माना खाली घालून चरत होते. त्यांची चोच पाण्यात उलटी बुडते आणि चाळणीसारखे काम करते. लहान रोहित प्रामुख्याने नीलहरित शैवालावर जगतो आणि त्याचा गुलाबी रंगही त्या आहारातूनच येतो. येथे एक अवघड गोष्ट मुलांना सांगणे भाग होते. शहराच्या सांडपाण्यातील पोषक द्रव्यांमुळे खाडीत शैवाल वाढते, आणि पक्ष्यांच्या मोठ्या संख्येमागे हेही एक कारण असावे, असे अभ्यासक मानतात. “म्हणजे घाण चांगली?” असा प्रश्न आला. आम्ही एवढेच सांगितले की तेच सांडपाणी वाढत गेले, तर मासे गुदमरतात आणि कोळ्यांची जाळी रिकामी परततात. हे उत्तर अपुरे आहे, याची आम्हांस जाणीव आहे.

खाजणाचा प्राण म्हणजे भरती-ओहोटीची ये-जा. भराव घालून पाण्याची वाट अडवली की वरून सारे हिरवे दिसत असतानाही आतून झाड मरू लागते. हे होडीत समजावत असता सकाळचा तो विद्यार्थी बोलू लागला. त्याच्या गावाबाहेर एक तळे होते. उन्हाळ्यात ते आटे, त्याच्या गाळात बगळे उतरत. पडीक जागा म्हणून मुरूम टाकून ते बुजवले गेले आणि वर दुकानांचे गाळे उभे राहिले. त्यानंतर जवळच्या विहिरींचे पाणी खोल गेले, असे त्याची आजी सांगते.

दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना बहुतेक पानांवर गुलाबी रोहित होते. त्याच्या पानावर चिखल होता. त्यात तिवराच्या मुळ्या होत्या आणि कडेला डोळे वर काढून बसलेली एक निवटी.